पोच, तारीख आणि मुदत

दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट अर्जावर चिकटवायचं, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यायचा, तोवर टेबलापासून हलायचं नाही. गडचिरोलीतल्या एटापल्लीकडच्या एका ग्रामसभेच्या तरुणाला हे कुणी शिकवावं लागलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत त्यानं सगळ्या पोची तारखेप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. त्याला हवा होता तो खाणीसाठी वनजमीन वळती करण्याच्या प्रस्तावाला जोडलेला, त्याच्याच गावाच्या नावाचा ठराव. महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत लिहावा लागतो. म्हणून ‘संपूर्ण माहिती द्यावी’ हे वाक्य खोडून आम्ही नेमकं लिहिलं : ठरावाची प्रत, त्या सभेचं हजेरीपत्रक, प्रस्तावातला नकाशा आणि फाइल समक्ष पाहण्याची परवानगी.

उत्तराला 30 दिवस. नाही आलं तर प्रथम अपील, त्याला 30 किंवा फार तर 45 दिवस. मग राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे द्वितीय अपील. तिथला निकाल कधी लागेल याला कायद्यात मुदतच नाही. विनाकारण उशीर केलेल्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 दंड होऊ शकतो. मुदत टळली की माहिती फुकट द्यावी लागते. अपिलात या दोन्ही गोष्टी मागायच्याच.

पण खाणीची जनसुनावणी यातल्या कशासाठीही थांबत नाही. तिची नोटीस किमान 30 दिवसांची, म्हणजे माहितीचं उत्तर यायच्या आत सुनावणी उरकलेली असू शकते. म्हणून आधी जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषद गाठावी. 2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे खाणीच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश तिथे लोकांना पाहायला मिळाला पाहिजे. नसेल तर त्याच दिवशी लेखी हरकत द्यावी आणि ती सुनावणीच्या इतिवृत्तात येते का ते पाहावं.

खाणीला पर्यावरण मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे अपिलाला 30 दिवस, सबळ कारण असेल तर आणखी 60. त्यापुढे दार बंद. इथे माहितीच्या अर्जांच्या पोची उशिराचं कारण म्हणून जोडता येतात. 2013 मध्ये अरुणाचलातल्या एका प्रकरणात न्यायाधिकरणानं म्हटलं, की मंजुरी लोकांपर्यंत रीतसर पोहोचवल्यावरच ही मुदत मोजायची. त्याच न्यायानं जनसुनावणीचे 30 दिवसही अहवाल गावात पोहोचल्याच्या तारखेपासूनच मोजले पाहिजेत, आणि ही मागणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या ग्रामसभांनी ठराव करून आत्ताच लावून धरायला हवी.