यंत्राचे रसग्रहण

मंडळी, नाटक पाहून घरी आलात की ‘पडदा वेळेवर उघडला’ एवढेच काही तुम्ही सांगत नाही. पात्रे शोभली का, संवाद पटले का, हेही बोलता. मग ज्या यंत्राशी आपला रोजचा संवाद चालतो, त्याचे परीक्षण असे का करू नये?

ठाण्याच्या वर्तकनगरातल्या एखाद्या आजीबाई डोळ्यांपुढे आणा. शिक्षण मराठी चौथी. गावच्या भावाला मोबाइलवरून खुशाली कळवायची आहे. मराठी लिहिण्याची एक रीत अशी, की रोमन अक्षरे दाबायची नि यंत्राने त्यांची देवनागरी करायची. मोजणारा घड्याळ लावून पाहतो : मिनिटाला शब्द किती, चुका किती? ही मोजणी हवीच. पण इंग्रजी शिकलेल्याचा हात भराभर चालला, की रीत उत्तम ठरते! समीक्षक मात्र विचारतो, ‘या यंत्राने लिहिणारा कोण धरला आहे?’ मराठी लिहायला आधी इंग्रजी अक्षरे यावीत, ही अट आजीबाईंना दाराबाहेरच ठेवते. घड्याळाला त्या दिसतच नाहीत.

वर्तकनगराहून पवई काही फार लांब नाही. तिथल्या आय. आय. टी.च्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने २०१३ साली ‘स्वरचक्र’ हा कळफलक काढला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली आहेत. ‘क’वर बोट ठेवलं, की भोवती का, कि, की, कु असं चक्र उमटतं. म्हणजे शाळेतली बाराखडीच की! अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने काव्यात औचित्य पाहायला सांगितलं. कमरेचा दागिना गळ्यात घातला तर हसंच होतं, असा त्याचा दाखला. इथे दागिना जागच्या जागी आहे.

पण गुण सांगितले तसे दोषही पाहावेत. ‘कि’ची पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, इथे उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी दाबायचा. आजीबाई तिथे क्षणभर अडतील. आणि ज्यांना अक्षरओळखच नाही, त्यांना बाराखडीचं चक्रही परकंच.

शिक्षकहो, पुढच्या आठवड्यात मुलांना घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसवा नि मोबाइल किंवा बँकेचे पैसे देणारे यंत्र कसे बोलते, ते पाहायला सांगा. तीन प्रश्न पुरेत : यंत्र कुणाला आपला मानते? कोणती भाषा बोलते? आणि चूक झाली, तर माणसाला सावरते, की ओशाळे करते? उत्तरे वहीत लिहून घ्या आणि वर्गात मोठ्याने वाचा.