सोनोग्राफीत दिसलं नाही, म्हणजे नाहीच?

बाळाची एका बाजूची गोटी उतरलेली नाही हे लक्षात आलं, की आईवडील आधी सोनोग्राफी करून घेतात. रिपोर्टात ‘वृषण दिसत नाही’ असं आलं, की ते मुळातच नाही असं घरात ठरून जातं. मला हा गैरसमज सर्वांत घातक वाटतो. पोटात, आतड्यांतल्या हवेआड असलेलं वृषण सोनोग्राफीतून सहज निसटतं. एमआरआयलाही ते दर वेळी सापडत नाही. म्हणूनच अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अशा मुलाला तज्ज्ञाकडे पाठवण्याआधी सोनोग्राफी करत बसू नये. सरावलेल्या हाताला बहुतेक मुलांचं वृषण जांघेतच लागतं. नाहीच लागलं, तर भूल देऊन पुन्हा चाचपतात आणि दुर्बिणीतून पोटात पाहतात. आहे की नाही, याचा निकाल तिथे लागतो.

मग सोनोग्राफी, एमआरआय बिनकामाचे का? मुळीच नाही. वृषण वाट चुकून मांडीच्या वरच्या भागात किंवा वृषणकोशामागे गुदद्वाराच्या दिशेने गेलं असेल, तर सोनोग्राफीत तो गोळा नेमका कशाचा हे कळतं. फार क्वचित दोन्ही वृषणं एकाच बाजूला उतरतात. असं मूल बहुधा हर्नियासाठी आणलेलं असतं: एका बाजूला फुगवटा, दुसरी बाजू रिकामी. तेव्हा जांघेची सोनोग्राफी बारकाईने केली, तर ऑपरेशनआधीच खरा प्रकार उघड होऊ शकतो.

यातल्या काही मुलांच्या पोटात छोटं गर्भाशयही आढळतं, आणि घरच्यांचा धीर सुटतो. मुलगा की मुलगी? मुलगाच. गुणसूत्रं एक्सवायच असतात. मुलगा गर्भात असताना एएमएच नावाचं संप्रेरक गर्भाशयाचा अंकुर नाहीसा करतं. ते कमी पडलं किंवा लागू झालं नाही, तर तो अंकुर वाढतो. रिपोर्ट हातात देतानाच हे समजावून सांगायला हवं.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, ती भीती नको. मात्र लहान मुलाला त्यासाठी बरेचदा भूल द्यावी लागते.

‘मोठा झाला की उतरेल’ हेही खरं नाही. सहा महिन्यांनंतर आपोआप उतरण्याची शक्यता फार कमी. शस्त्रक्रिया साधारण दीड वर्षाच्या आत व्हावी. उशीर झाला, तर पुढे मूल होण्यात अडचण आणि कर्करोगाचा धोका वाढतो. नवजात बाळाची दोन्ही वृषणं हाताला लागत नसतील, तर मात्र सहा महिनेही थांबायचं नाही. संप्रेरकं आणि गुणसूत्रं लगेच तपासायची.