ओलं, सुकं, पुन्हा ओलं

मुलुंड मागे टाकून पूर्व द्रुतगती महामार्गाने भांडुप-कांजूरमार्गकडे निघालं, की डाव्या हाताला मिठागरांचे चौकोन दिसू लागतात. भरतीला ठाण्याच्या खाडीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, उथळ वाफ्यांतून फिरवत उन्हात आटवायचं आणि तळाशी बसलेलं मीठ ओढून काढायचं, ही मिठागरांची जुनी रीत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सगळे क्षार मिळून साधारण ३५ ग्रॅम भरतात. पाणी आटत आटत दहाव्या हिश्श्याइतकं उरतं, तेव्हा कुठे मिठाचा दाणा धरू लागतो. समुद्रात विखुरलेलं जे होतं, ते सुकताना जवळ येतं.

पृथ्वीवर पहिला जीव कसा घडला, या प्रश्नाच्या मागे लागलेले रसायनशास्त्रज्ञ आज याच सुकण्याकडे फार लक्षपूर्वक पाहत आहेत.

पूर्वी सगळा भर पाण्यावर होता. रशियाचे अलेक्झांडर ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि ब्रिटनचे जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, जवळपास सारखी कल्पना मांडली: निर्जीव रसायनांपासून आधी साधे सेंद्रिय रेणू बनले आणि त्यांतून पुढे जीव आला. हॉल्डेन यांच्या डोळ्यांसमोर आदिम समुद्र होता तो गरम, पातळ रश्शासारखा. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

या कल्पनेला प्रयोगाचा आधार मिळाला १९५३ मध्ये. शिकागोत हॅरल्ड युरी यांचा विद्यार्थी स्टॅन्ली मिलर याने काचेच्या बंद उपकरणात पाणी उकळत ठेवलं, वर मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरला आणि विजेच्या ठिणग्या पाडल्या. आठवड्याभरात पाणी रंगलं आणि त्यात ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांच्या विटा सापडल्या. पृथ्वीची मूळ हवा नेमकी तशीच होती का, याबद्दल पुढे शंका निघाल्या. पण १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसनला पडलेल्या अशनीतही अमिनो आम्लं निघाली. विटा विश्वात दुर्मिळ नाहीत, एवढं पक्कं झालं.

खरी अडचण भिंत रचण्याची आहे. दोन अमिनो आम्लं जोडली जातात, तेव्हा पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आरएनएच्या कड्या जुळतानाही तेच होतं. भोवती पाणीच पाणी असेल, तर जोड होण्यापेक्षा तुटण्याकडेच कल राहतो. भर पावसात पापड वाळत घालावेत, तशी ही गत. डबकं सुकलं, तर मात्र रेणू दाटीवाटीने जवळ येतात, जोडातून सुटलेलं पाणी उडून जातं आणि साखळी वाढते. पुन्हा पाणी आलं, की रेणू मोकळे होऊन नव्याने मांडले जातात. ओलं, सुकं, पुन्हा ओलं. असे फेरे हजारो वर्षं चालू राहिले, तर काय काय घडू शकेल?

पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. सुधा राजामणी यांची प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करते. त्यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आरएनएचे सुटे घटक मेद-रेणूंच्या सोबतीने आम्लधर्मी पाण्यात तापवले, सुकवले, पुन्हा भिजवले. साखळ्या जुळल्या. पण बारकाईने तपासल्यावर दिसलं, की त्या उष्णतेत आणि आम्लात साखळीवरची ‘अक्षरं’, म्हणजे माहिती धरून ठेवणारे नत्रयुक्त भाग, बऱ्याच ठिकाणी गळून पडले होते. दोरा तयार झाला, मणी निसटले. आज आरएनएत असलेली अक्षरंच पहिल्यापासून होती की त्यांच्याआधी दुसरी, अधिक टिकाऊ अक्षरं होती, हा प्रश्न त्या गळतीने ठळक केला. म्हणून हे अपयशही मोलाचं.

पण जुळलेले रेणू पाण्यात विखरून जाऊ नयेत म्हणून त्यांना आवरण हवं, आणि तिथे मिठागराची उपमा अपुरी पडते. पहिल्या पेशींचं आवरण मेदाम्लांच्या फुग्यांचं असावं, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात, आणि मेदाम्ल म्हणजे साबणाचाच भाऊ. सोसायटीच्या टाकीत बोअरचं जड पाणी आलं, की साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरट साका धरतो. त्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मेदाम्लांना धरून खाली बसवतं. खाऱ्या समुद्रात मेदाम्लांच्या नाजूक फुग्यांवरही हेच संकट येतं.

त्यामुळे लक्ष वळलं जमिनीवरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांकडे. राजामणी यांच्या गटाने लडाखमधल्या झऱ्यांचं पाणी आणून त्यात हे फुगे धरतात का ते पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: मेदाम्ल आणि त्याचाच ग्लिसरॉलशी जोडलेला प्रकार एकत्र असतील, तर तपासलेल्या सगळ्या झऱ्यांच्या पाण्यात फुगे धरले आणि ओल्या-सुक्या फेऱ्यांनंतरही मिश्रणाची ही क्षमता टिकली. एकट्यादुकट्यापेक्षा मिश्रण तगलं. त्याच गटाने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल टाकलं. ग्लिसरॉलशी जोडलेली मेदाम्लं आणि अमिनो आम्लं एकत्र सुकवली-भिजवली, तेव्हा दोघांच्या जोडातून नवे रेणू बनले, आणि त्या रेणूंनीही पाण्यात फुगे धरले.

सुकण्याच्या खुणा अवकाशातही सापडल्या आहेत. बेनू या लघुग्रहावरची माती सप्टेंबर २०२३ मध्ये पृथ्वीवर आली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तपासणीत प्रथिनांतल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं त्यात मिळाली. शिवाय मिळाले क्षार, खारं पाणी आटत गेल्यावर मागे राहणारे. त्यांत आपल्या पापडखाराच्या कुळातली सोडियम कार्बोनेटयुक्त खनिजंही होती. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं अल्कधर्मी पाणी आटतं, तेव्हा काठावर अशाच जातीचे क्षार धरतात.

विटा मिळाल्या, काही साखळ्या जुळल्या, फुगेही धरले. आता हवी आहे अशी साखळी, जी फुग्याच्या आत स्वतःची प्रत काढेल आणि त्या प्रतीत अधूनमधून चुकेल, म्हणजे निवडीला वाव राहील. निर्जीव घटकांपासून सुरुवात करून तिथवरची सगळी वाट अजून कुठल्याही प्रयोगशाळेत पार झालेली नाही. तोवर पुण्यात नळ्या तापत राहतील, सुकतील आणि पुन्हा त्यांत पाणी ओतलं जाईल.