पिल्लाचं कूळ विचारावं, पण कशासाठी?

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. कुत्र्याच्या बाबतीत मात्र आपला पहिला प्रश्न कुळाचाच असतो. बॉर्डर कॉली आणि लॅब्रॅडॉर यांच्या संकराचं पिल्लू घ्यायचं ठरलं की घरात हिशेब मांडला जातो: कॉलीची हुशारी येईल, लॅबचा लाघवीपणा येईल, म्हणजे दोन्हीकडचं चांगलं तेवढं पदरात पडेल. जर्मन शेफर्डच्या, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या बोलीत अल्सेशियनच्या, क्रॉसबद्दलही हेच बोललं जातं. आणि तेच पिल्लू दोन महिन्यांनी खरजेने बेजार झालं की मिळेल ते औषध कुळाची चौकशी न करता दिलं जातं. व्हायला हवं ते नेमकं याच्या उलट. मेंढ्या वळणाऱ्या जातींच्या संकरात कूळ स्वभावाबद्दल फार थोडं सांगतं आणि औषधाबद्दल फार महत्त्वाचं.

मेंढ्या वळणं ही मुळात अर्धवट थांबवलेली शिकार आहे. लांडगा सावज हेरतो, नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, धरतो आणि मारतो. मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून यातले पहिले टप्पे वाढवले आणि शेवटचे दाबले. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये अॅडम टेल्फर यांच्याकडे 1893 साली जन्मलेला ‘ओल्ड हेम्प’ हा कुत्रा भुंकाभुंक न करता नुसत्या नजरेने कळप हलवायचा. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचते. जर्मन शेफर्डही मूळचा मेंढ्यांचाच. माक्स फॉन श्टेफानिट्स यांनी 1899 मध्ये त्याची संघटना उभारली तेव्हा पोलिसांचं काम अजून दूर होतं. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर मात्र मेंढपाळाचा कुत्रा म्हटलं की धनगरांच्या वाड्यावरचा राखण्या येतो, आणि इथेच गफलत होते. आपल्याकडे कळप वळतो तो धनगर स्वतः. कुत्रा लांडग्यावर नजर ठेवतो. राखण्याने मेंढ्यांमध्ये निवांत बसावं लागतं, वळणाऱ्याला निवांत बसवतच नाही. दोघांचा धंदा एक वाटला तरी घडण जवळजवळ विरुद्ध आहे.

आता शिकारीच्या टप्प्यांच्या या साखळीचा संकर झाला की काय होतं? दोन रंग मिसळून मधली छटा मिळावी तसं काही होत नाही. एकाच विणीतल्या एका पिल्लात रोखलेली नजर येते, दुसऱ्यात टाचा धरण्याची खोड, तिसऱ्यात दोन्ही नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात 2022 मध्ये एक मोठा अभ्यास आला. त्यात 18,385 कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरल्या होत्या आणि 2,155 कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एखाद्या कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे 9 टक्के भागच जातीने उलगडतो, असं त्यातून निघालं. यावर साधा आणि रास्त आक्षेप येतो: मग स्कॉटलंडच्या डोंगरावर कॉलीच मेंढ्या का वळते, पग का नाही? उत्तर असं की ज्या कामासाठी कडक निवड झाली ते काम खरोखर रक्तात उतरतं, आणि सांगितलेलं ऐकण्याच्या गुणावर जातीचा प्रभाव इतर गुणांपेक्षा जास्त असल्याचं याच अभ्यासात दिसलं. पण मायाळूपणा, भित्रेपणा, चिडकेपणा यांची हमी जातीचं नाव देत नाही. शिवाय कामाची निवड थांबली की कामही विरळ होत जातं. चार पिढ्या शहरात विकायला वाढवलेल्या ‘कॉली’च्या अंगात डोंगर किती उरला असेल, हे कागद पाहून कळत नाही. म्हणून विचारायचंच असेल तर आईबापांची जात विचारण्याआधी ते दिवसभर काय करतात आणि अनोळखी माणसाशी कसे वागतात, हे विचारावं.

औषधाचं तसं नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात कॉली कुत्र्यांमधला ‘एमडीआर 1’ या जनुकातला एक दोष सापडला. हे जनुक ठीक असेल तर मेंदूच्या उंबऱ्यावरचा एक प्रथिनाचा पंप काही औषधं बाहेर परतवून लावतो. जनुक बिघडलेलं असेल तर तीच औषधं आत साठतात. दोष थोडाथोडका पसरलेला नाही. कॉलींमध्ये दहापैकी सुमारे सात कुत्र्यांत त्याची निदान एक प्रत असते, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांत, मेंढ्या वळणाऱ्या जातींच्या संकरांत सुमारे दहातल्या एकात. बॉर्डर कॉलीत तो क्वचित, म्हणजे नुसता ‘कॉली’ हा शब्दही पुरेसा नाही; कुठली कॉली, हे कळायला हवं. घातक ठरणाऱ्यांत पहिलं नाव आयव्हरमेक्टिनचं, म्हणजे आपल्याकडे खरूज आणि किड्यांसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्वस्त औषधाचं. हृदयातल्या जंतांच्या प्रतिबंधासाठी त्याची जी सूक्ष्म मात्रा देतात ती अशा कुत्र्यांनाही चालते, पण खरजेची मात्रा तिच्या पन्नासपट किंवा त्याहून जास्त असते. तेवढ्याने कुत्रा झोकांड्या खातो, त्याची दृष्टी जाते, तो बेशुद्ध होतो, कधी मरतोही. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी, जी घरातल्या माणसांच्या औषधांत पडलेली असते, तीही याच यादीत आहे.

इथे कुणी म्हणेल की संकरित कुत्रा काटक असतो, त्याला हे दोष कसे बाधतील? हा समज अर्धा खरा आहे. ज्या आजारांना दोषाच्या दोन्ही प्रती लागतात ते संकरात कमी दिसतात, कारण दोन वेगळ्या जातींचे आईबाप एकच दोष घेऊन भेटण्याची शक्यता कमी. पण एमडीआर 1 मधल्या दोषाची एक प्रतसुद्धा काही औषधांची मात्रा जपून ठरवायला लावते. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर याची चाचणी होते. ती जमली नाही तर पशुवैद्याला पहिल्याच भेटीत संशयित कूळ सांगून टाकावं, म्हणजे तो दुसरं औषध निवडेल. रंगाबद्दलही एक चौकशी करावी. आई आणि बाप दोघेही मर्ल, म्हणजे करड्यावर गडद डागांचे असतील, तर चारातल्या सरासरी एका पिल्लात ते जनुक दुहेरी येतं आणि त्यात बहिरेपणा व अंधत्व बरंच आढळतं. पांढरंशुभ्र, निळ्या डोळ्यांचं पिल्लू जास्त भावाने विकलं जात असेल तर ते का, हे विकणाऱ्यालाच विचारावं.

स्वभाव कुळावर सोपवायचा नाही, तर मग कशावर? मोठा भाग पहिल्या काही आठवड्यांवर. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या बार हार्बर इथे केलेल्या आणि 1965 मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रयोगांतून दिसलं की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, जागा आपल्याशा करतं. नंतर ते दार हळूहळू लोटलं जातं. हलतं ते टिपणाऱ्या, वळणाऱ्या जातीच्या पिल्लाला हे जास्तच लागू आहे. स्कूटर, धावणारी मुलं, कुकरची शिट्टी, गणपतीतले ढोल यांची ओळख वेळेत झाली नाही तर पुढे त्यांच्यामागे धावणं किंवा त्यांना घाबरणं उरतं. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका, असा सल्ला घरोघरी मिळतो आणि पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती खोटी नाही. पण बाहेर नेणं म्हणजे जमिनीवर सोडणं नव्हे. कडेवर घेऊन, गाडीत बसवून, लसवंत कुत्र्यांच्या घरी नेऊन बरंचसं साधतं. भारतात 2017 च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याचा अर्थ असा की ओळखीच्या त्या आठवड्यांतला निम्म्याहून जास्त काळ विकणाऱ्याच्या घरी गेलेला असतो. पिल्लू तिथे माणसांत वाढलं की गच्चीवरच्या पिंजऱ्यात, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावं. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नये.