यंत्र घरात, किल्ली डॉक्टरांकडे

मेंदूला वीज म्हटली की आपल्याला सिनेमातली शॉकची खोलीच आठवते. टीडीसीएस या उपचाराचे तसे नाही. यात वीज जेमतेम दोन मिलिअँपिअर. सलाईनमध्ये भिजवलेले दोन स्पंज पट्ट्याने कपाळावर बसवायचे आणि वीस मिनिटे स्वस्थ बसायचे. त्वचेला चुणचुण होते, शुद्ध हरपत नाही.

अडचण आहे ती रोजच्या खेपांची. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे नसांवरचे आवरण झिजवणाऱ्या आजारात, नुसत्या आंघोळीनेही माणूस थकतो. त्याने महिनाभर रुग्णालयाच्या चकरा माराव्यात कशा? म्हणून न्यूयॉर्कच्या एनवाययू लँगोन या वैद्यकीय केंद्राने यंत्रच घरी पाठवले. ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल लागतो. पट्टा नीट बसला का, कालच्या वेळी कुठे भाजले तर नाही ना, हे तंत्रज्ञ पाहतो, विचारतो आणि मगच एक आकडा सांगतो. आपल्या ओटीपीसारखा! तो दाबल्याशिवाय यंत्र चालत नाही आणि तो एकाच वेळेपुरता असतो. ‘आज बरे वाटतेय, अजून एकदा घेते’ म्हणायची सोयच नाही.

तिथल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या चाचणीत, अशा वीस वेळांनंतर खोट्या उपचाराच्या तुलनेत खऱ्या उपचाराने थकवा अधिक कमी झाला.

सुटे भाग जोडून घरीच असे यंत्र बनवणारेही आहेत. त्यांना शास्त्रज्ञांनी २०१६ साली खुले पत्र लिहून धोक्याची जाणीव करून दिली होती. त्यांच्या यंत्राला कुलूप नसते, आणि पडद्यावर विचारणारेही कुणी नसते.