‘अलर्ट’ आणि ‘वॉर्निंग’ एकच नव्हे! मोबाईलवर आलेला हवामानाचा रंग असा वाचा

नाशिक : पावसाळा लागला की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘यलो अलर्ट’, ‘रेड अलर्ट’ असे मेसेज फिरू लागतात. सगळ्यालाच ‘अलर्ट’ म्हटल्याने शेवटी कुणी मनावर घेत नाही. पण हवामान खात्याच्या भाषेत ‘अलर्ट’ आणि ‘वॉर्निंग’ हे दोन वेगळे शब्द आहेत.

कोणत्या रंगाला काय करायचं?

हिरवा : धोका नाही.
पिवळा म्हणजे ‘वॉच’ : अंदाजावर लक्ष ठेवा.
केशरी म्हणजे ‘अलर्ट’ : तयारीत राहा. उघड्यावरचा कांदा झाका, नदीकाठची मोटार वर घ्या.
लाल म्हणजे ‘वॉर्निंग’ : आता तयारी नाही, थेट कृती. माणसं आणि गुरं सुरक्षित जागी हलवा.

थोडक्यात, ‘अलर्ट’ सांगतो कंबर कसा. ‘वॉर्निंग’ सांगते निघा. आपण ज्याला ‘रेड अलर्ट’ म्हणतो, ती खरं तर वॉर्निंग असते.

पावसाचे आकडे

24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार आणि त्याहून जास्त म्हणजे अतिवृष्टीचा सर्वांत वरचा टप्पा. मात्र रंग नुसत्या आकड्यावर ठरत नाही. पाऊस होण्याची शक्यता किती आणि नुकसान किती होईल, हेही पाहिलं जातं.

निफाडकरांनी घाटाकडेही पाहावं

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाण्याचा घाटमाथा आणि येवला, नांदगावचा कोरडा पट्टा यांचं पाऊसमान वेगळं. त्यामुळे मेसेजमध्ये ‘नाशिक’ लिहिलंय की ‘नाशिक घाट’, हे आधी बघा. पण घाटात लाल रंग असेल तर निफाडकरांनी निवांत राहू नये. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी गोदावरीतून नांदूरमध्यमेश्वरकडे येतं. गावात थेंब नसला तरी चांदोरी, सायखेड्याला पुराचा धोका असतो.

पिवळा रंग म्हणजे बिनधोक नव्हे

विजांच्या कडकडाटासाठी बऱ्याचदा पिवळाच रंग असतो. जीव घ्यायला एक वीज पुरते. ढग गडगडू लागले की शेतातलं काम थांबवा, झाडाखाली उभं राहू नका, पक्क्या घरात जा. जवळ पडणाऱ्या विजेची सूचना ‘दामिनी’ ॲपवर मिळते.

मेसेज पुढे पाठवण्याआधी तारीख नक्की तपासा. कालचा लाल रंग आज लागू असेलच असं नाही. अडचणीत जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन करा.