एका शब्दाच्या पोटात किती शब्द?



इंग्रजीचा तास आला की आपल्यातले बरेच जण मान खाली घालतात. कारण एकच, स्पेलिंग! आज पाठ केलं की उद्या विसरतं. म्हणून या लेखात मी एक खेळ समजावून सांगणार आहे. त्याला पैसे लागत नाहीत, शिकवणी लागत नाही. पाटी-खडू असला तरी पुरे.

खेळ असा. काही इंग्रजी अक्षरे घ्यायची आणि त्यांतून निघतील तेवढे शब्द शोधायचे. नियम दोनच. दिलेल्या अक्षरांबाहेरचे अक्षर घ्यायचे नाही, आणि जे अक्षर जितक्या वेळा दिले असेल त्याहून जास्त वेळा वापरायचे नाही.

आधी सोपे उदाहरण बघू. आपल्या गावात पोस्ट आहे. त्याचे स्पेलिंग पी-ओ-एस-टी. ही चार अक्षरे किती प्रकारे मांडता येतील? पहिल्या जागी चारांपैकी कोणतेही, दुसऱ्या जागी उरलेल्या तीनांपैकी, मग दोन, मग एक. म्हणजे ४ × ३ × २ × १ = २४ प्रकारे. त्या २४ मांडण्यांत नेहमीचे शब्द सहा सापडतात : पोस्ट, स्टॉप (थांबा), स्पॉट (ठिपका), पॉट्स (भांडी), टॉप्स (शेंडे) आणि ऑप्ट्स (निवडतो). पोस्ट आणि एस्टीचा स्टॉप यांची अक्षरे एकच आहेत, हे कुणाच्या ध्यानात आलं होतं का?

आता मोठा शब्द घेऊ, टीचर. अक्षरे सात : टी-ई-ए-सी-एच-ई-आर. यात ई दोनदा आहे. सातही अक्षरे घेऊन सगळ्या मांडण्या करायच्या म्हटल्या तर २,५२० होतात. एका मिनिटाला एक लिहिली तरी ४२ तास लागतील! म्हणजे नुसती उलटापालट करून भागत नाही. युक्ती पाहिजे. मी चार युक्त्या वापरते.

पहिली युक्ती : स्वर आणि व्यंजने वेगळी लिहायची. एकीकडे ए, ई, ई; दुसरीकडे टी, सी, एच, आर. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एक तरी स्वर इंग्रजी शब्दात बहुधा असतोच; नसला तर त्याच्या जागी वाय असतो. म्हणून नुसत्या व्यंजनांच्या मांडण्या करत बसायचे नाही.

दुसरी युक्ती : जोड्या ओळखायच्या. काही अक्षरे शेजारी शेजारी राहतात. टी-एच पुढे ठेवा : देअर, थ्री. सी-एच शेवटी ठेवा : ईच, रीच, टीच. टी-आर पुढे ठेवा : ट्री म्हणजे झाड. सी-आर पुढे ठेवा : क्रिएट म्हणजे निर्माण करणे.

तिसरी युक्ती : शिडी चढायची. लहान शब्द घ्यायचा आणि दर पायरीला एकेक अक्षर वाढवायचे. ए-टी, ॲट. पुढे ई लावा, ईट म्हणजे खाणे. पुढे एच लावा, हीट म्हणजे उष्णता. पुढे सी लावा, चीट म्हणजे फसवणे. शेवटी ई-आर जोडा, चीटर! म्हणजे टीचरचीच सातही अक्षरे वापरून फसवणारा झाला. (गुरुजींना हे दाखवलं तेव्हा ते खूप हसले.)

चौथी युक्ती : शब्दकोश उघडायचा. सापडलेला शब्द त्यात आहे का ते बघायचे. नसेल तर खोडायचा. ‘दॅट’ हा शब्द शब्दकोशात आहे, पण आपल्याला चालणार नाही. त्यात टी दोनदा येतो, आपल्याजवळ टी एकच.

आता पालकांसाठी एक गंमत. टीचरची सातही अक्षरे वापरून आणखी एक शब्द होतो, हेक्टर : एच-ई-सी-टी-ए-आर-ई. हा शब्द तुमच्या घरातल्या सातबाऱ्यावर असतो. एक हेक्टर म्हणजे १०० आर, १०,००० चौरस मीटर, साधारण अडीच एकर. टीचर शाळेत आणि हेक्टर शेतात, अक्षरे मात्र तीच!

पण या खेळाचा खरा उपयोग पुढेच आहे. मराठीत ‘रस’ उलटा केला की ‘सर’ होतो, ‘वन’चे ‘नव’ होते. अक्षरांनी जागा बदलली तरी र हा र-च राहतो. इंग्रजीत तसं नाही. शेजारी बदलला की अक्षराचा आवाज बदलतो. टीचरच्या पोटातलेच शब्द बघा. ई-ए-आर म्हणजे इअर, कान. शेवटी टी-एच लावले की होते अर्थ, म्हणजे पृथ्वी. पुढे एच आणि मागे टी लावला की होते हार्ट, म्हणजे हृदय. तीच तीन अक्षरे त्याच क्रमाने आली, पण आवाज तीन झाले. तसेच टीचमध्ये सी-एचचा उच्चार च होतो, आणि ए-सी-एच-ई या शब्दाचा उच्चार ‘एक’ असा आहे, अर्थ दुखणे. तिथे सी-एचचा क झाला.

एकेक शब्द सुटा पाठ केला तर हे फरक लक्षात येत नाहीत, नुसता गोंधळ होतो. एकाच पाटीवर शेजारी शेजारी लिहिले की डोळ्यांना दिसतात. दिसलं की राहतं.

अमेरिकेत अल्फ्रेड बट्स नावाच्या वास्तुशिल्पकाराने १९३० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रातली अक्षरे मोजून असाच एक खेळ रचला. १९४८ पासून तो ‘स्क्रॅबल’ नावाने ओळखला जातो. त्याच्या १०० सोंगट्यांत ई या अक्षराच्या १२ आहेत, आणि क्यू व झेड यांची एकेकच. कारण इंग्रजीत ई सर्वांत जास्त वेळा येतो. म्हणून खेळासाठी अक्षरे निवडताना ई, ए, टी, आर, एस अशी घ्यावीत, शब्द भराभर निघतात. क्यू घेतला तर सोबत यू घ्यायला विसरू नका.

सोंगट्या विकत आणायची गरज नाही. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापा आणि त्यांवर अक्षरे लिहा. आई-वडिलांना इंग्रजी येत नसलं तरी ते पंच होऊ शकतात. कोणता तुकडा दोनदा वापरला, कुणाचे शब्द जास्त झाले, हे मोजायला इंग्रजी लागत नाही. सातवीनंतर आपण हायस्कूलला जाणार. तिथे इंग्रजी येणारी मुलं भेटतील. तोवर रोज एक शब्द फोडला तरी मान खाली घालायची पाळी येणार नाही.

जाता जाता एक कोडे. लिसन म्हणजे ऐका : एल-आय-एस-टी-ई-एन. याच सहा अक्षरांतून असा शब्द काढा, की जो पाळल्याशिवाय ऐकू येत नाही. उत्तर पुढच्या अंकात.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी